पाळी गेली, बाई इथंच आहे

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की पाळी जायच्या वयाबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, आणि या महिन्यात जी पत्रं आलीयेत ती बघून मीच जरा गप्प झाले. निम्म्या पत्रांची सुरुवात "हे विचारायला लाज वाटतेय पण" अशी आहे. त्यातली आठ इथं घेतलीयेत, नावं कुणाचीच नाहीत, लांब पत्रं थोडी कापलीयेत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे हे तुम्हाला माहितीच आहे, माझी स्वतःची पाळी जाऊनही आता सहा वर्षं झाली, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

डॉक्टरताई, वय ४७. गेलं वर्षभर मी मी राहिलेलीच नाहीये. पाळी कधी वीस दिवसांत येते तर कधी दोन महिने गायब. रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग छातीत धडधड, डोक्यात नको नको ते विचार. मुलांवर ओरडते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. ऑफिसात बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. आरशात बघितलं की वाटतं ही कोण बाई. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या आणि डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाहीये हो, मला मी परत पाहिजे.

तुमचं शेवटचं वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. आणि आधी एक कबुली देते, प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत "वयाचं आहे, सवय होईल" हे मीपण कितीतरी जणींना म्हटलेलं आहे. शिकवलेलंच तेवढं होतं. आता आठवलं की कसंतरी होतं.

तुमची पाळी अजून गेलेली नाही, ती जायच्या वाटेवर आहे, याला पेरिमेनोपॉज म्हणतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला म्हणायचं, आणि बहुतेक बायकांमध्ये तो ४५ ते ५५ च्या दरम्यान होतो. पण त्याआधीची काही वर्षं, कुणाची दोन, कुणाची सात-आठसुद्धा, हीच खरी गोंधळाची असतात. लोकांना वाटतं हार्मोन हळूहळू उतारावरून खाली येतात, तसं होत नाही. इस्ट्रोजेन या काळात झोक्यासारखं हलतं, एखाद्या महिन्यात तर तरुणपणीपेक्षा जास्त वर जातं आणि पुढच्या महिन्यात आपटतं. आणि प्रोजेस्टेरॉन आधी कमी होतं, कारण ते स्त्रीबीज बाहेर पडल्यावरच नीट तयार होतं आणि या वयात कितीतरी महिने बीज बाहेरच पडत नाही. आता हे प्रोजेस्टेरॉन नुसतं गर्भाशयासाठी नसतं, शरीरात त्याचा एक पदार्थ बनतो जो मेंदूला शांत करतो, झोप आणतो. तो कमी पडायला लागला की रात्री तीनची धडधड. म्हणजे तुम्ही स्वभावाने बिघडलेल्या नाही, तुमच्या मेंदूची रोजची शांत करणारी गोष्ट कुणीतरी न सांगता काढून घेतलीये.

तपासण्या नॉर्मल कशा आल्या, तर ज्या दिवशी रक्त दिलं त्या दिवशीचा तो आकडा आहे, बस. पंचेचाळिशीच्या पुढं लक्षणं स्पष्ट असली तर एफएसएच नावाचं हार्मोन वगैरे रक्तात तपासायची गरजच नसते, त्या आकड्यावरून काही ठरत नाही, पाळीचा हिशोब आणि बाई काय सांगते हेच निदान. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र झालं नसेल तर करून घ्या, दोन्हीची लक्षणं यात बेमालूम मिसळतात.

आता काय करायचं. एक वही घ्या, मोबाईल चालेल, आणि तीन महिने पाळीची तारीख, झोप, मूड, धडधड एवढं लिहा, एका ओळीत, निबंध नको. मग ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि म्हणा की मला उपचार पाहिजेत. उपचार आहेत, हार्मोनचे आहेत, बिनहार्मोनचे आहेत, झोपेसाठी सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी आहे, ती खरंच चालते. रक्तस्राव फार होत असेल तर त्याचाही वेगळा इलाज आहे. आणि उदासी दोन आठवड्यांच्या वर सलग राहिली किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात यायला लागलं तर वहीबिही बाजूला, लगेच मानसोपचारतज्ज्ञ. ज्यांना आधी कधी डिप्रेशन किंवा बाळंतपणानंतरची उदासी होऊन गेलीये त्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायचं.

शब्द न आठवण्याबद्दल. ही वेड लागायची सुरुवात नाहीये. फार जणींना होतं, आणि पुढं बहुतेकींचं निवळतं.

हो, आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गर्भनिरोधक थांबवू नका. पाळी दोन महिने गायब म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं. पन्नाशीनंतर शेवटची पाळी झाली असेल तर पुढं एक वर्ष, पन्नाशीच्या आत झाली असेल तर दोन वर्षं काळजी घ्यायची.

वय ५२. अंगातून वाफा निघतात, दिवसातून दहा-बारा वेळा. डॉक्टर हार्मोन घ्या म्हणतात, बहीण म्हणते कॅन्सर होतो. कुणाचं ऐकू?

दोघींचंही थोडं थोडं. बहीण उगाच बोलत नाहीये, तिच्या भीतीला इतिहास आहे, तो ऐका म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

१९६० च्या दशकात रॉबर्ट विल्सन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांनी जोरात प्रचार केला की पाळी गेलेली बाई म्हणजे इस्ट्रोजेनच्या कमतरतेची रोगी, गोळी घ्या आणि कायम स्त्री राहा. म्हणजे न घेणारी बाई स्त्री नाहीच! हा असला विचार तेव्हा धो धो विकला गेला. मग १९७५ मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायला लागले, ते अस्तराचं रक्षण करतं. आजही हाच नियम आहे, गर्भाशय असेल तर दोन्ही, काढलेलं असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

मग आला २००२ चा जुलै. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अमेरिकन अभ्यास, त्यातला दोन्ही औषधं देणारा १६,६०८ बायकांचा भाग मध्येच थांबवला कारण स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. जगभर बातम्या, आणि बायकांनी गोळ्या अक्षरशः कचऱ्यात टाकल्या. पण किती वाढला होता, तर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० होते त्याचे ३८ झाले. आठ जास्त. ही आठ म्हणजे काही नाही असं मी म्हणणार नाही, ज्या घरात होतं तिथं ते सगळं असतं, पण हा आकडा सांगितला कुणी? सगळ्यांनी नुसतं "कॅन्सर" ऐकलं. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. नंतर वयाप्रमाणे आकडे वेगळे करून बघितले तेव्हा चित्र बरंच बदललं. आणि ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं, ज्या नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नव्हता.

आज साधारण मत असं आहे की साठीच्या आत असाल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खराच असेल आणि दुसरी काही अडचण नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. अडचण म्हणजे स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, हार्ट अटॅक, स्ट्रोक, लिव्हरचा गंभीर आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव. यातलं काही असेल तर ते आधी डॉक्टरला सांगायचं, लपवायचं नाही. त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल घेतलं तर गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही, तेही विचारा.

आणि घ्यायचं नसेल तर नका घेऊ, काही बिघडत नाही, वाफांवर बिनहार्मोनची औषधंही आहेत. फक्त निर्णय आठ या आकड्यावर घ्या, "कॅन्सर" या शब्दावर नको.

मॅडम, मी ४४ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली, गाठी होत्या, कॅन्सर नव्हता. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणतात सुटलीस. पण मला आतून रिकामं वाटतं. कपडे घालावेसे वाटत नाहीत, नटावंसं वाटत नाही. एक नातेवाईक चेष्टेत म्हणाल्या की आता तू काय, ना बाई ना पुरुष. हसले मी तेव्हा. रात्रभर झोप नाही लागली.

त्या नातेवाईकबाईंचं काय करायचं ते तुम्ही बघा, मला विचाराल तर मी पुढच्या वेळी हसले नसते.

तुमच्या रिकामेपणाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक शरीराचा. नैसर्गिक पाळी जाते तेव्हा शरीराला काही वर्षं मिळतात, तुम्हाला एक सकाळ मिळाली. टेबलावर गेलात तेव्हा हार्मोन होते, उठलात तेव्हा नव्हते. दोन्ही अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजेन तर पडतंच, टेस्टोस्टेरॉनही जवळजवळ निम्म्यावर येतं, हो, बायकांच्या अंगातही ते असतं आणि उत्साहाशी, इच्छेशी त्याचा संबंध आहे. तर "सुटलीस" म्हणणाऱ्यांना हे माहीत नाही. तुमच्या पत्रात औषधाचा कुठंच उल्लेख नाहीये, त्यामुळे मला काळजी वाटतेय. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेली असतील आणि हार्मोन द्यायला मनाई नसेल तर साधारण पाळी जायच्या सरासरी वयापर्यंत, म्हणजे ५० - ५१ पर्यंत तरी, हार्मोन द्यावेत असा सल्ला असतो, नुसत्या वाफांसाठी नाही, हाडं आणि हृदयासाठी. याच आठवड्यात सर्जनला फोन करून विचारा. गाठी कसल्या होत्या त्यावर औषध कुठलं ते ठरेल, रिपोर्ट जवळ ठेवा.

दुसरा भाग त्या वाक्याचा. ना बाई ना पुरुष. आता बाईपण जर इस्ट्रोजेनमध्ये असतं ना, तर एक गंमत सांगते. साठीच्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या, पाळी गेलेल्या बाईपेक्षा इस्ट्रोजेन जास्त असतं. सरळ लॅबचा आकडा. मग नवरा घरातली बाई झाला का? आणि ज्या मुलींना अजून पाळीच आलेली नाही त्या कोण?

पण मला माहितीये की अशा युक्तिवादाने रात्री झोप येत नाही. तुम्ही काहीतरी गमावलंय, त्याचं दुःख करायला कुणी तुम्हाला जागाच दिली नाही, लगेच "सुटलीस" म्हणून मोकळे झाले. माझ्या एका पेशंटने ऑपरेशननंतर सहा महिने आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता. एक दिवस तिने तो काढला आणि पोटावरच्या व्रणाला रोज तेल लावायला लागली, कारण काय तर खाज सुटायची, बाकी काही उदात्त हेतू नव्हता. पण म्हणाली, डॉक्टर, त्या पाच मिनिटांत माझा हात परत माझ्या अंगाला ओळखायला लागला. मी तुम्हाला हे कर म्हणून सांगत नाहीये. नटावंसं वाटत नाही तर नका नटू, कुणाला देणं लागत नाही आपण. फक्त आंघोळीत, अंग पुसताना, झोपताना, स्वतःचं अंग परक्याचं असल्यासारखं उरकू नका एवढंच. आणि बोलायला समुपदेशक मिळाला तर जरूर बोला.

ताई, ऑनलाइन एक कोर्स आहे, "अंतर्गत स्त्रीऊर्जा जागृत करा", त्याबरोबर हार्मोन बॅलन्स करणारी पावडर पण देतात. करू का?

कोर्समध्ये चार जणी भेटणार असतील, हसणार-नाचणार असाल आणि तुम्हाला झेपत असेल तर करा, त्यात वाईट काही नाही. पावडर नको. या वयात हार्मोन "बॅलन्स" करायचे नसतातच मुळी, ते बदलतायत आणि बदलणारच, कुठलीही पावडर अंडाशयात नवी बीजं भरत नाही. जन्मताना दहा-वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पाळी जाते तेव्हा हजाराच्याही आत. दुकान बंद होतंय ते माल संपला म्हणून. आणि डब्यावर घटक नीट लिहिलेले नसतील तर ती पावडर लिव्हरला काय करेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

वय ५४. फार वेळा लिहून खोडलं हे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. संबंधाच्या वेळी इतकं दुखतं, जळजळतं की डोळ्यात पाणी येतं, एकदा थोडं रक्तही आलं. मी आता काहीतरी कारण काढून उशिरा झोपायला जाते. हे काही बोलत नाहीत पण आमच्यात एक भिंत झालीये. सारखं लघवीला इन्फेक्शनही होतं. मला इच्छाच राहिली नाहीये की दुखण्याने गेलीये तेच कळत नाही. या वयात हे विचारणं शोभतं का?

शोभतं. आणि खोडून परत लिहिलंत त्याबद्दल आभार, कारण हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बायकांचा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

योनीचं अस्तर इस्ट्रोजेनवर जगतं. ते कमी झालं की अस्तर पातळ होतं, ओलावा जातो, ताण सहन होत नाही, तिथले चांगले जीवाणू कमी होतात आणि आम्लता बदलते, म्हणून इन्फेक्शन. लघवीच्या मार्गाचंही तेच, दोन्ही शेजारी आहेत. डॉक्टरांनी २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक लांबलचक नाव दिलं, त्याआधी नुसतं "ॲट्रॉफी" म्हणायचे, म्हणजे सुकून जाणं, काय पण शब्द. आता लक्षात ठेवायची गोष्ट ही की वाफा काही वर्षांनी आपोआप थांबतात, हे थांबत नाही, उलट वाढत जातं. म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. आणि यावरचा इलाज आमच्या शाखेतल्या सगळ्यात सोप्या इलाजांपैकी एक आहे.

योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं, क्रीम किंवा छोटी गोळी. आधी साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते इतकं थोडं जातं की पातळी पाळी गेलेल्या बाईचीच राहते, वरच्या पत्रातली २००२ ची भीती इथं लावू नका. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका. लघवीचं वारंवार होणारं इन्फेक्शनही याने कमी होतं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी मात्र कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. शिवाय मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं आठवड्यातून दोन-तीनदा नेहमीसाठी, दुसरं त्या वेळेला. साबण, सुगंधी वॉश वगैरे आत अजिबात नाही. ते रक्त आलं होतं ना, ते घासल्यानेच आलं असेल असं धरून बसू नका, एकदा तपासून घ्या.

आता इच्छेचं. तुम्ही विचारलंत की गेलीये की दुखण्याने गेलीये. ज्या दारातून प्रत्येक वेळी चटका बसतो त्या दारापाशी मन जाईलच कशाला? आधी दुखणं जाऊ दे, मग बघू काय उरतं. आणि रोझमेरी बॅसन नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली एक गोष्ट फार छान मांडली, की बऱ्याच बायकांमध्ये, खासकरून जुन्या नात्यात, इच्छा आधी आणि जवळीक नंतर असं नसतं, जवळीक सुरू होते, बरं वाटतं आणि मग इच्छा जागी होते. म्हणजे सोफ्यावर बसल्या बसल्या मनात काही येत नाही याचा अर्थ आतलं सगळं संपलं असा नाही. हे वाचून माझ्याकडच्या कितीतरी जणींनी सुस्कारा सोडलाय. सगळं करूनही इच्छा नसेल आणि त्याचा तुम्हाला त्रास होत असेल तर टेस्टोस्टेरॉनबद्दल जाणकार डॉक्टरशी बोलता येतं, पाळी गेलेल्या बायकांमध्ये त्याचा आधार आहे, पण अगदी छोट्या मात्रेत आणि देखरेखीत. आणि इच्छा नसण्याचा तुम्हाला काहीच त्रास होत नसेल, तर तो आजार नाही, हेही तितकंच खरं.

नवऱ्याला सांगा. उशिरा झोपायला जाता याचं कारण त्यांनी त्यांच्या डोक्यात काय लावलं असेल देव जाणे. "मला दुखतं, तुमच्यापासून लांब नाही जायचंय" एवढं एक वाक्य, दिवसा, दिवे लागलेले असताना.

नमस्कार. मी नवरा आहे, वय ५३. हा विभाग बायकोचा असतो पण मी चोरून वाचतो. रात्री ती खिडकी उघडते, पांघरूण फेकते, दहा मिनिटांनी कुडकुडते आणि परत ओढून घेते. काही विचारलं तर चिडते, नाही विचारलं तरी चिडते. हे किती दिवस चालणार?

दादा, चोरून वाचताय हेच मला फार आवडलं, आता उघड वाचा.

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, थर्मोस्टॅट म्हणा. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याच्या शेजारच्या काही पेशी जास्तच चेकाळतात आणि थर्मोस्टॅट इतका हळवा होतो की अंग जराशानं तापलं तरी त्याला वाटतं आग लागली. मग तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, एक ते पाच मिनिटं हा प्रकार चालतो, आणि तेवढ्यात अंग गरजेपेक्षा गार होतं म्हणून कुडकुडणं. नाटक नाहीये हो. याच पेशींना शांत करणारं फेझोलिनेटंट नावाचं बिनहार्मोनचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं, म्हणजे बघा कारण किती नेमकं सापडलंय.

किती दिवस विचारलंत, तर वर्षं म्हणायची तयारी ठेवा. अमेरिकेतल्या बायकांच्या एका मोठ्या, लांबवर चाललेल्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या जणींमध्ये त्या ७.४ वर्षांहून जास्त टिकल्या. पण उपचार घेतले तर इतकं सोसावं लागत नाही. दोन वेगळी पांघरुणं घ्या, हा सल्ला मी फुकट देते आणि याने वाचलेली लग्नं मी बघितलीयेत. आणि "काय झालं" असं विचारण्याऐवजी "रात्री झोप झाली का" विचारून बघा, आणि उत्तर नाही आलं तर सकाळची कामं न बोलता उचला. डॉक्टरकडे बरोबर जा, बाहेर मोबाईल बघत बसू नका, आत या. आम्हाला नवरे आत आलेले चालतात.

ताई, माझा प्रश्न नाहीये, कबुली आहे. वय ५८. पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि मला तिची एकदाही आठवण आली नाही. पोहायला शिकले, केस पांढरे ठेवले, आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणायला लागले. मैत्रिणी बाईपण गेल्याचं बोलतात तेव्हा मी गप्प बसते, माझ्यातच काही कमी आहे का?

अहो, तुम्ही गप्प बसू नका, त्यांना तुमच्यासारखी एकजण ऐकायला पाहिजेच आहे!

कमी काही नाही. पिल्लं व्हायचं थांबल्यावरही पुढं बरीच वर्षं जगणारे प्राणी या जगात फार थोडे आहेत, आपण आणि काही दातवाले देवमासे. ऑर्का मादीची पिल्लं साधारण चाळिशीत थांबतात आणि ती ऐंशी-नव्वदीपर्यंत जगू शकते. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की कळप अन्न शोधायला निघतो तेव्हा पुढं बहुतेक वेळा हीच म्हातारी असते, आणि ज्या वर्षी मासे कमी असतात त्या वर्षी तर जास्तच, कारण कधी कुठं मिळतं हे तिलाच ठाऊक. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उगाचच मान ताठ झाली होती, काय कारण, मी काही देवमासा नाही. पण झाली. निसर्गाला पाळी गेलेली बाई फेकून द्यायची असती तर इतकी वर्षं ठेवली नसती.

फक्त पोहण्याला एक जोड द्या. पोहणं हृदयाला उत्तम पण हाडांना वजन लागतं, पाण्यात ते मिळत नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता दहा ते वीस टक्क्यांपर्यंतही कमी होऊ शकते आणि तुम्ही नेमक्या त्यातून आलायत. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, जिममध्ये किंवा घरी, आणि जड, नुसतं हात हलवणं नाही. दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून जातंय का बघा. घरात कुणाचं खुब्याचं हाड मोडलं असेल, स्टिरॉइड घेतलेले असतील, किंवा अंगाने फार बारीक असाल तर डेक्सा स्कॅनचं, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचं, विचारा. बीपी आणि कोलेस्टेरॉल पण, पाळी गेली की कोलेस्टेरॉल चढतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

वय ५७. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि गेल्या आठवड्यात परत थोडी आली. दोनच दिवस, फिकट. खरं सांगू का, मनातून आनंदच झाला, वाटलं शरीर परत तरुण झालंय. मैत्रीण म्हणाली योगासनांमुळे हार्मोन सुधारले असतील. असं होऊ शकतं का?

हे पत्र अंक जवळजवळ लागल्यावर आलं आणि मी पान थांबवायला लावलं. तुम्हाला मेलवर लिहिलंय, तरी इथंही लिहिते कारण असा आनंद झालेल्या तुम्ही एकट्या नसाल.

नाही, असं होत नाही. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर आलेलं रक्त ही पाळी नसते, दोन थेंब असले तरी, फिकट असलं तरी, एकदाच आलं तरी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पातळ झालेलं अस्तर किंवा एखादा मस्सा, पण साधारण दहातल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो अशा वेळी लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते, कारण रक्त हीच त्याची पहिली खूण. योनीतून सोनोग्राफी होईल, अस्तराची जाडी बघतील, लागलं तर आतला छोटा तुकडा तपासायला घेतील. पुढच्या महिन्यात परत येतंय का ते बघू, असं नको. थांबलं म्हणून जायचं रद्द करू नका.

तुम्हाला तो आनंद झाला त्याचं मला अजिबात हसू आलं नाही. त्याबद्दल आपण नंतर निवांत बोलू, हवा तेवढा वेळ. आधी अपॉइंटमेंट घ्या आणि तारीख मला मेलवर कळवा, मी वाट बघतेय.